गल्लीमागचा वृद्धाश्रम

ग्वाल्हेर संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी सरकारनं ठरवलं, की दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी मोठा वृद्धाश्रम बांधायचा. जागा ठरली आमच्या गल्लीमागचं मैदान.

लगेच आमच्या ओसरीवर बैठक भरली. गल्लीला विहीर एकच आणि उन्हाळ्यात तीही आटायची. एवढी माणसं आल्यावर पाणी कसं पुरणार? दारावरून रोज तिरड्या जातील, असंही कुणी म्हणालं. वडील कचेरीत कारकून, म्हणून साहेबांशी बोलायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

कोपऱ्यात शेजारचे आजोबा बसले होते. ते दरबारच्या फौजेत होते, आता एका खोलीत एकटे राहायचे. त्यांनी हळूच विचारलं, "तिथं दोन्ही वेळा जेवण मिळणार का हो?"

बैठक पुन्हा विहिरीच्या पाण्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी वडील साहेबांकडे गेले. दिवसभर बाकावर बसवून साहेब म्हणाले, "अब सब भोपाल से होगा. वहीं पूछिए." वडील घरी येऊन भिंतीला टेकून बसले. राजधानी भोपाळला गेल्यामुळे त्यांचीही बदली तिकडेच व्हायची होती.

"थकलो गं," ते आईला म्हणाले, "आता कुणाला काही विचारायला नको वाटतं."

वृद्धाश्रम झालाच नाही. आजोबा मात्र बरेच दिवस दारात येऊन विचारायचे, "भोपाळहून काही कळलं?"

"अजून नाही, काका," वडील म्हणायचे आणि आई आजोबांसाठी ताट वाढायची. आम्ही ग्वाल्हेर सोडलं तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, की आता आजोबांना त्या जेवायला देतील. दिलं असेल.