आबांसारखं डोकं

आमच्या घराण्यात पुरुषांचे केस पंचविशीतच रजा घेतात. आबा, म्हणजे माझे वडील, दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि टकलाचा सगळा दोष डोक्यावरच्या हेल्मेटला द्यायचे. बाविसाव्या वर्षी माझ्याही उशीवर केस दिसू लागले, तेव्हा ते हसले. “मना केस हेल्मेटनी खादात. तुना कोनी खादात रे?”

मला हसू आलं नाही. मी जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रोजची एक गोळी आणि टाळूला लावायचं औषध दिलं. दुष्परिणाम समजावले, सुरुवातीला जास्तच गळतील म्हणाले. “गेलेले फारसे येणार नाहीत. आहेत ते टिकतील, औषध चालू असेल तोवर.” म्हणजे जन्माची बांधिलकी. मी आनंदानं पत्करली.

टकलानं आपलं काय अडलं, असं आबांनी एकदा विचारलं. लग्न झालं, नोकरी झाली, तुम्ही दोघं भाऊ झालात. मी फाडकन बोलून गेलो, “पण मला तुमच्यासारखं दिसायचं नाहीये.”

ते डोक्यावरून हात फिरवत बसले. मग चहा मागितला. माझ्या लेखी विषय संपला.

पुढे मला धुळ्याला नोकरी लागली. एकदा औषधाची बाटली घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा एसटीनं खोलीवर हजर. पिशवीत केळी आणि रुमालात गुंडाळलेली बाटली. मी वैतागलो. औषध काय धुळ्यात मिळत नाही? “खाडा पडाले नको,” एवढंच म्हणाले, पाणी प्यायले आणि परतीच्या गाडीनं गेले. मी स्टँडपर्यंतही गेलो नाही.

औषध लागू पडलं, केस टिकले. आबाच गेले, काविळीचं निमित्त होऊन.

दशक्रिया गावी, तापीच्या काठी होती. आमच्यात मुलं, पुतणे सगळेच डोकं भादरतात. मी थोरला, म्हणून न्हाव्यापुढे आधी मी बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला आबांपेक्षा केसांची चिंता जास्त होती. पुन्हा उगवतील ना? न्हाव्यानं डोकं ओलं केलं, तेवढ्यात नाना, आबांचे धाकटे भाऊ, पुढे आले. “ऱ्हाऊ दे. भाऊनी सांगेल शे, याना केसले हात लावानं नही.”

दवाखान्यात, बोलता येत होतं तोवर, आबांनी त्यांना हे बजावून ठेवलं होतं.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही. मी उठलो आणि माझ्या जागी धाकटा भाऊ बसला. भादरल्यानं काही बिघडत नाही, मुळं आतच असतात, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. आधी एक फोन केला असता तरी कळलं असतं.

धाकट्यानं नदीत बुडी मारली, वर येऊन डोक्यावरून हात फिरवला आणि काठावर आत्या एकदम रडायला लागली. तो हुबेहूब आबा दिसत होता. चुलत भाऊसुद्धा थोडे थोडे तसेच दिसत होते. मी एकटाच तसा दिसत नव्हतो.