'नाही' न म्हणणारी स्क्रिप्ट

वडनेरच्या आमच्या दुकानात 'नाही' या शब्दाला बंदी होती. दुकान हार्डवेअरचं. मोटारपंपाचं सामान, पाइप, कुलपं, खिळे, दोरखंड. गिऱ्हाईकानं मागितलेली वस्तू नसली, तर बाबा 'दुसरा दाखवतो' म्हणायचे आणि मागच्या फळीकडे वळायचे. अडीच इंची व्हॉल्व्ह नसेल तर दोन इंची काढायचे आणि त्याला माप जुळवणारा रिड्यूसर जोडून दाखवायचे. माल खरंच खलास झाला असला तरी 'संपला' म्हणायचं नाही. आठवीत असताना मी एकदा एका माणसाला सरळ 'नाही' म्हणून टाकलं. तो गेला, आणि बाबांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की दुकानदाराच्या तोंडी तो शब्द शोभत नाही.

मी काही दुकानदार झालो नाही. सावंगीला फ्लॅट घेऊन घरूनच एका कंपनीचं काम करतो. ते काम काय आहे हे आईला आजवर समजलेलं नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. एकच प्रोग्राम निरनिराळ्या कॉम्प्युटरांवर तयार व्हावा, यासाठी जी बिल्ड स्क्रिप्ट लागते, ती मी लिहितो. प्रोग्रामला दुसऱ्या कुणी आधी बनवून ठेवलेले भाग लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. हवी ती लायब्ररी या कॉम्प्युटरवर आहे का, असली तर कुठल्या कोपऱ्यात, हे माझी स्क्रिप्ट आधी शोधून येते. लिनक्सवर ती एका जागी असते, विंडोजवर भलत्याच. शोधून सापडली नाही तर काय करायचं, हे मात्र स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. थांबायचं, की दुसरं काहीतरी घेऊन पुढे जायचं. मी एकदा काय ठरवलं, त्याची ही हकिकत आहे.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "मंग दुकान कसं चालन?" मी म्हटलं, तुमचा आवाज मी ठेवून देतो. बोलून गेलो खरा, पण पुढचे दोन दिवस हे कसं करायचं ते वाचत बसलो.

रेकॉर्डिंग आम्ही दुकानामागच्या गोदामात केलं. तिथे दोरखंडांची वेटोळी छतापर्यंत रचलेली असत, त्यामुळे आवाज घुमत नसे. मी कागदावर वाक्यं लिहून नेत असे. बाबा ती वाचताना आपल्या बोलीत वळवून घ्यायचे, आणि एखादं फारच पुस्तकी निघालं तर "असं कोन बोलते?" म्हणून कागद माझ्याकडे परत करायचे. आवाज बसलेला होता. दर दहा वाक्यांनंतर पाणी लागायचं. मीही काही शांत माणूस नाही. एकदा ते सारखे खाकरत होते म्हणून त्यांच्यावर खेकसलो, आणि तेही रेकॉर्ड झालं.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आईसाठी काही बोला. बाबांनी तिला आयुष्यात नावानं हाक मारली नव्हती. त्यांची हाक म्हणजे 'आयकलं का'. ते दोन शब्द त्यांनी अकरा वेळा म्हटले आणि प्रत्येक वेळी वेगळे म्हटले. चहा हवा असताना कसे, चष्मा सापडत नसताना कसे, पाहुणे आल्यावर कसे. शेवटचे उगाच म्हटले, आणि माइक माझ्याकडे सरकवला.

त्या सगळ्या आवाजांची मी एक लायब्ररी बनवली. तिच्यावर एक छोटा प्रोग्राम बसवला. बाबांनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज यायचा. वाक्य जरा तुटक यायचं, सांधे ऐकू यायचे, पण आवाज त्यांचाच. गिऱ्हाईकं सुरुवातीला स्पीकरकडे वाकून बघायची, मग सरावली. घर दुकानाच्या मागेच. बाबा टाइप करायचे, 'आयकलं का' ऐकू यायचं, आणि आतून आईचं "आली जी" यायचं. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. हे फोनवरही चालेल असं करायचं होतं. नंतर करू म्हणालो, आणि ते राहूनच गेलं.

त्या प्रोग्रामची बिल्ड स्क्रिप्ट लिहिताना मी ठरवलं ते असं. बाबांच्या आवाजाची लायब्ररी सापडली तर ती घे. नाही सापडली तर कॉम्प्युटरसोबत येतो तो तयार आवाज घे आणि पुढे चल. कुठल्याही मशीनवर काम अडू नये, एवढाच हेतू. आमच्या धंद्यात कितीतरी लोक असंच करतात, पण मी कुणाचं बघून केलं नव्हतं. माझ्या हाताला तेच वळण होतं.

दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग काउंटरवरचा कॉम्प्युटर दम टाकू लागला. हिंगणघाटला तो देऊन नवा आणला. नव्या विंडोजवर जुना प्रोग्राम चालणार नव्हता. दरम्यान मीही लॅपटॉप बदलला होता. नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम पुन्हा तयार केला. पडद्यावरून तीनशेच्या वर ओळी सरकत गेल्या आणि शेवटी हिरव्या अक्षरांत 'बिल्ड यशस्वी' आलं. सावंगीत बसल्या बसल्या तो दुकानाच्या कॉम्प्युटरवर चढवला. तिथला पडदा मला इथून दिसत होता, आवाज येत नव्हता. आईला फोन करून विचारलं, बोलतंय ना? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो, बोलून राह्यलं." मी फोन ठेवला. त्याच आठवड्यात जुन्या लॅपटॉपवरचं सगळं पुसून तो शेजारच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला देऊन टाकला. नीट पुसला, दोनदा. अशा बाबतीत मी फार काटेकोर आहे.

पुढच्या वेळी वडनेरला गेलो तर बाबांच्या हातात पाटी. शाळेतल्या मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. गिऱ्हाईकाला पाटीवर लिहून दाखवत होते. वाचता न येणारा कुणी आला की आई आतून यायची आणि वाचून सांगायची. आईला बोलवायचं असलं की पाटी काउंटरवर ठोकायची. मला संताप आला. एवढी मेहनत करून दिली आणि तुम्ही बालवाडीत बसल्यासारखे पाटी घेऊन बसता, असं मी गिऱ्हाईकांसमोर बोललो. बाबा हसले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मी परत येताना बसमध्ये ठरवून टाकलं. असे आठ महिने गेले.

मग थंडीतल्या एका रविवारी आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी जवळ बसलो होतो. तिनं मान वर न करता विचारलं की तो कॉम्प्युटरमधला माणूस काढून टाकता येतो का. मला कळेना. कोणता माणूस?

"तो दुसरा," ती म्हणाली. "तो मले आयकलं का म्हनते. मले नाई आवडत."

मी उठून काउंटरवर गेलो. स्पीकर बंद होता, त्याच्यावर धूळ होती. चालू केला आणि ते दोन शब्द टाइप केले. एक स्वच्छ, तरुण, बातम्या वाचणाऱ्याचा आवाज आला. तुटक नाही, खरखर नाही. सांधा कुठेच नाही. ओसरीवर आई शेंगांवरून उठली नाही.

पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. माझा फोन आला तेव्हा ती सांगणार होती, पण बाबांनी हातानं खूण करून तिला थांबवलं. 'बोलतंय ना' एवढंच मी विचारलं होतं, आणि बोलत तर होतंच.

सावंगीला येऊन त्या बिल्डची नोंद उघडली. तीनशे ओळींच्या मध्ये एक ओळ होती: बाबांचा आवाज सापडला नाही, पर्यायी आवाज वापरत आहे. ही ओळ मीच लिहिलेली. ती लाल नव्हती, ठळक नव्हती, आणि तिच्यानंतर काम बिनबोभाट पुढे गेलं होतं. जुन्या लॅपटॉपवर ती लायब्ररी मी एका फोल्डरमध्ये हातानं ठेवली होती आणि स्क्रिप्टला तिकडे बघायला शिकवलं होतं. म्हणून तिथे ती दर वेळी सापडायची. नव्यावर ते फोल्डर कधी आलंच नव्हतं. प्रोग्रामचा मजकूर इंटरनेटवर सुरक्षित होता, पण मोठ्या फायली तिथे चढवायच्या नाहीत असा नियम होता, आणि रेकॉर्डिंगच्या फायली मोठ्या होत्या. नियमही माझाच.

शेजारच्या मुलीकडून लॅपटॉप मागून आणला. पुसलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर दोन दिवस चालवलं. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो निघाले. हिंगणघाटच्या दुकानदारानं जुना कॉम्प्युटर केव्हाच खोलून विकला होता. त्यानं माझ्यासमोर हार्ड डिस्कचं अर्धं पोतं ओतलं आणि यातली तुमची कोणती ते बघा म्हणाला. सगळ्या सारख्या. त्यातल्या सहा घेऊन आलो. सहाही दुसऱ्यांच्या निघाल्या.

फोन चाळले. बाबा फोनवर बोलणारे नव्हतेच, कामाचं बोलून ठेवून देत. एक निरोप सापडला, सात सेकंदांचा: "बस भेटली का? पोचला की फोन करजो." त्यातून 'आयकलं का' जुळवता येईल का, हेही मी करून पाहिलं. शेवटचा 'का' तेवढा निघाला.

बाबांना सांगायला वडनेरला गेलो. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. फोल्डर, लॅपटॉप, ती ओळ, पोतं. रडलो की नाही ते मला आठवत नाही, आई म्हणते रडलो. बाबांनी पाटी फडक्यानं पुसली आणि लिहिलं. ते बोलायचे तसंच लिहितात.

"मले वाटलं आवाज संपला असन."

त्यांनी 'संपला' लिहिलं होतं. तो शब्द त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच बघत होतो. मी म्हटलं, मग मला विचारायचं तरी. आठ महिने, बाबा. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिली आणि माझ्याकडे वळवली.

"इचारलं असतं त तुले नाई म्हनाव लागलं असतं."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. माल नाही, म्हणून पोरानं दुसरा दाखवला, हे त्यांना पहिल्या दिवशीच समजलं होतं. फक्त माल हरवला आहे हे पोरालाच माहीत नव्हतं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. मला लाज वाटू नये म्हणून ते आठ महिने पाटी ठोकत बसले, आणि मी त्यांना गिऱ्हाईकांसमोर बोललो. याची भरपाई कशानंही होणार नाही, हे मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

घरी आल्यावर मी स्क्रिप्ट बदलली. बाबांचा आवाज सापडला नाही तर तिथेच थांब. दुसरं काही घेऊ नको, पुढे जाऊ नको. दुकानाच्या कॉम्प्युटरवरून तो बातम्या वाचणारा काढून टाकला. त्यानंतर दर रविवारी मी स्क्रिप्ट चालवत असे, उगाच. ती शोधायची, लाल अक्षरांत 'सापडला नाही' म्हणायची आणि थांबायची. आता हा प्रोग्राम जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर तयार होणार नव्हता. मला ते योग्य वाटत होतं.

दुकानात मात्र अडत होतं. काउंटरवरचा फोन वाजला की आईला हातातलं टाकून धावावं लागायचं. तिचे गुडघे दुखतात. मागच्या रविवारी गेलो तर बाबांनी मला हाताला धरून काउंटरशी बसवलं आणि माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉप काढला. चालव, अशी खूण केली. चालवला. ओळी सरकल्या, लाल ओळ आली, सगळं थांबलं. बाबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पाटीवर लिहिलं:

"दुसरा दाखव."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाबा काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाईकं उभी राहतात त्या बाजूला होते. मी 'थांब' ही ओळ खोडून जुनी परत लिहिली. बिल्ड यशस्वी झाली.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवला, स्पीकर लावला आणि बाजूला झालो. बाबांनी एका बोटानं, अक्षरं शोधत टाइप केलं. त्या तरुण आवाजानं स्वच्छ हाक मारली, आयकलं का. आम्ही दोघं घराच्या दारावरच्या पडद्याकडे बघत राहिलो. आत भांडी वाजत होती. बाबांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. भांडी थांबली, पण कुणी आलं नाही.

मग त्यांनी पाटी उचलली आणि काउंटरवर दोनदा ठोकली.

"आली जी," आई म्हणाली.