मामानं गाळलेल्या चार ओळी

फ्राऊ लिंडनरबाईंचा फोन आला तेव्हा मी दक्षिण जर्मनीत, नेकारसुल्मच्या कारखान्यात, ऐन मीटिंगमध्ये होते. या बाई हॅनोव्हरला माझ्या मामाच्या खालच्या मजल्यावर राहतात, पंच्याऐंशीच्या आहेत आणि उगाच फोन करणाऱ्यांतल्या नाहीत. "तुमच्या मामांनी आज पेपर आत घेतला नाही," एवढंच म्हणाल्या. मग, "माझ्याकडे किल्ली होती, मी दार उघडलं..." पुढचं ऐकायची गरजच नव्हती. त्याला आता सहा आठवडे झाले. माझं आणि मामाचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पंचविशीत साताऱ्याहून हॅनोव्हरला इंजिनिअरिंग शिकायला आला आणि हेल्गामामीशी लग्न करून तिथलाच झाला. मूलबाळ नाही. मामी गेल्यावर या माणसानं एक भलताच उद्योग काढला. लहानपणी तो आजोबांकडून मोडी शिकला होता, इथं सासूकडून जुनं जर्मन हस्ताक्षर शिकला. ते वळण आताच्या जर्मनांना स्वतःला वाचता येत नाही. घरोघरी आजोबांची रणांगणावरून आलेली पत्रं बुटांच्या खोक्यांत पडून आहेत, आणि ती वाचून घ्यायला लोक येणार कुणाकडे, तर साताऱ्याच्या माणसाकडे! रविवारी चार वाजता कॉफी, केक आणि पत्रं. मामा आधी मोठ्यानं वाचायचा, मग सगळं टाइप करून द्यायचा. शब्द लागला नाही तर कंसात 'अवाचनीय' लिहायचा, पण अंदाजानं एक अक्षर घालायचा नाही. या बाबतीत तो जर्मनांच्या वरताण होता.

दुसरं महायुद्ध मी शाळेत पाठ केलं होतं. स्टालिनग्राड, टीप लिहा, पाच गुण. मामाच्या टेबलावर ते पहिल्यांदा माणसाच्या हाताचं दिसलं. "पुस्तकात लिहितात, इथं युद्ध फिरलं. यांना कुठं ठाऊक होतं फिरलं म्हणून?" तो म्हणायचा. "हे बघ, इथवर शाई आहे, इथून पेन्सिल. थंडीनं शाई गोठली. आधी लोणी मागतोय, मग ब्रेड, मग काहीच मागत नाही." आणि त्यानंतर खोक्यात पत्रच नसायचं. रशियात कुर्स्कला रणगाडे भिडले त्या उन्हाळ्यातली पत्रं पहिल्या आठवड्यात फुशारकीची, आणि थोड्याच दिवसांत 'आम्ही जरा मागे सरकतोय' अशी. मामा ती वाचायला नाखूश असायचा. "मागे येणारं सैन्य वाईट गं. जे नेता येत नाही ते जाळून येतं."

फ्राऊ लिंडनरबाईंची अकरा पत्रं त्या माघारीतली होती. वडील पूर्व आघाडीवर बेपत्ता झाले, ते झालेच. आईनं पत्रं आयुष्यभर कुलपात ठेवली, मुलीला कधी वाचून दाखवली नाहीत. "सगळं वाचा," बाईंनी मामाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "माझा बाप कसा माणूस होता ते मला मरायच्या आत कळायला हवं." नववं पत्र वाचलं त्या रविवारी मी तिथं होते. चिखल, उवा, बटाटे, घरच्या कुत्र्याची चौकशी... आणि मामा मध्येच थांबला. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "इथं ओल लागलीय. चार ओळी लागत नाहीत." मी त्याला खेटून बसले होते. कागद खडखडीत कोरडा होता.

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं तर कप विसळता विसळता त्यानं सांगितलं. बाईंच्या वडिलांच्या तुकडीनं गावातली माणसं धान्याच्या कोठारात कोंडली, दाराला बाहेरून अडसर घातला आणि पेटवून दिलं. "त्यात लहान पोरं होती. लिहिलंय त्यानं. स्वतःच्या बायकोला लिहिलंय!" मी म्हटलं, मग सांग त्यांना, त्यांनी त्यासाठीच तर पत्रं दिलीत. तर म्हणे, "गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. आणि मुलीच्या तोंडावर तिच्या बापाचं? मला नाही जमायचं." माझं डोकंच फिरलं. "हे काय साताऱ्यातलं तेराव्याचं जेवण आहे, गोडगोड बोलून हात धुवायला? हे लोक विचारतात मामा, विचारायचं असतं म्हणून विचारतात! साठ वर्षं इथं राहून तुला एवढं कळलं नाही? त्या कोठारातल्यांचं कोण बोलणार?" तो नुसता म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आणि कप विसळत राहिला. बाईंना दिलेल्या कागदावर त्यानं कंसात 'अवाचनीय' असं टाइप केलं, आणि मी त्याला पाच महिने फोन केला नाही. त्याचे दोन आले, ते मी उचलले नाहीत. आता हे कुणाला सांगू? लाज वाटते, आणि त्याची आठवण आली की आधी तीच वर येते.

मागच्या शनिवारी त्याचं घर आवरायला गेले होते. फ्राऊ लिंडनरबाई जिना चढून वर आल्या, हातात ते नववं पत्र. मामाच्या खुर्चीत बसल्या नाहीत, स्टूल ओढून घेतलं. "त्या दिवशी तुम्ही होतात. काय होतं त्या चार ओळींत?" एवढी तावातावानं भांडलेली मी, आता बोल ना! ती म्हातारी मान, ते नीट विंचरलेले पांढरे केस... "मला हे अक्षर वाचता येत नाही," मी म्हणाले. खरंच होतं ते, आणि सरळ सरळ खोटंही. त्या रविवारी मामाला काय झालं असेल ते तेव्हा कळलं, आणि सांगायला मामा नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. "त्यांनाही येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नंतर खाली येऊन माझ्यासमोर रडले, तरी सांगितलं नाही. तेव्हाच मला जे कळायचं ते कळलं. मला एकच विचारायचंय. मुलं होती का?"

"हो," मी म्हणाले.

बाईंनी पत्राची घडी होती तशी घातली.

"मी तेव्हा तीन वर्षांची होते," त्या म्हणाल्या.