केशरी जाकिटातली फौजदारीणबाई

ओजिमाच्या आमच्या दांचीत, म्हणजे जपानी सरकारी इमारतींच्या वसाहतीत, फौजदारीणबाई कधी कुणाच्या पुढे चालली नाही. भाजी आणायला निघा नाहीतर स्टेशनवर जा, ती सगळ्यांना पुढे घालायची आणि स्वतः मागून यायची. मला वाटलं, काय नम्र बाई आहे. नम्र कसली डोंबलाची? "वैनी, म्होरं चालणाऱ्याला रस्ता दिसतो. मागनं चालणाऱ्याला कळप दिसतो," असं तिचं म्हणणं. आम्ही पुण्या-मुंबईच्या बायका तिच्या लेखी मेंढरंच होतो, आणि हे ती तोंडावर सांगायची.

खरं नाव सुरेखा. माण तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. नवरा त्याच वाडीतला, शिकून इंजिनियर झालेला, कावासाकीच्या एका कंपनीत नोकरीला. तिचे आप्पा अजून मेंढरं घेऊन फिरतात. गावाबाहेर त्यांचं पाल पडलं आणि गावात काही चोरीला गेलं, की आधी यांचंच सामान उपसलं जायचं. वैतागून आप्पा ग्राम सुरक्षा दलात गेले. म्हणाले, नेहमी आपल्यालाच विचारतात, एकदा आपण विचारू. ग्रामपंचायतीनं बाकीच्यांना शिट्टी, काठी आणि दंडावर बांधायची पट्टी दिली. आप्पांना सांगितलं, "तुझ्याकडं काठी आहेच की." पट्टी शेवटपर्यंत आलीच नाही. हे सगळं ती खदाखदा हसत सांगायची, पण पट्टीपाशी आली की जरा थांबायची.

आमच्याकडे संध्याकाळी लाउडस्पीकरवर मुलांना घरी बोलावणारी धून वाजते, आणि त्याच सुमाराला रहिवासी संघाची म्हातारी मंडळी गस्तीला निघत. केशरी जाकीट, बॅटरी, दंडावरची पट्टी, वर विमासुद्धा, सगळं वॉर्ड ऑफिसकडून. एकेकाचे गुडघे गेले आणि शेवटी अध्यक्ष, आमचे काईचो-सान, एकटेच उरले. एके दिवशी बघते तर त्यांच्या मागून ही चाललेली. कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला ओढलं, मग माझ्या शेजारच्या लक्ष्मीला. काईचो-साननी आमच्या तिघींची नावं वॉर्ड ऑफिसला कळवली. उत्तर आलं की तिकडचे एक साहेब बघून ठरवतील.

मी म्हटलं, "अगं, तोवर दुकानातून घेऊ ना जाकीट. रंगाला रंग."

"इकतचं नगं वैनी. सरकारनं माझ्या हातात दिलेलं पायजे."

गस्तीचे नियम तिला आरतीसारखे पाठ. कुणाला हात लावायचा नाही, कुणाचा पाठलाग करायचा नाही, ओरडायचं नाही. बघायचं आणि कळवायचं. शेवटचा नियम तिला अजिबात पटला नव्हता. "नुसतं बघायचं? मग लांडग्यानं काय घाबरायचं?"

आणि मग तो दिवस उजाडला. सायकलींच्या स्टँडपाशी करड्या सुटातला एक माणूस उभा. ना सायकल काढतो, ना निघून जातो. वाकून कुलपं बघतो आणि आम्ही आलो की मान फिरवतो. फौजदारीणबाईनं मला डोळ्यानं डावीकडे पाठवलं, लक्ष्मीला उजवीकडे, आणि स्वतः मागे गेली. समोर भिंत. तो डावीकडे सरकला की मी हसून "कोनबानवा", म्हणजे शुभसंध्या. उजवीकडे सरकला की लक्ष्मी "कोनबानवा". माझ्या पोटात हसू मावत नव्हतं. बाई शांत. "हलू नगा. दमलं की आपसूक बसतंय." आणि अहो, खरंच बसला तो. बाकावर, बॅग मांडीवर घेऊन, शाळेतल्या पोरासारखा.

तेवढ्यात लांबून सगळं बघत आलेले काईचो-सान जवळ पोचले, त्याला ओळखून कमरेत काटकोन होईपर्यंत वाकले. वॉर्ड ऑफिसचे साहेब होते ते. आम्हालाच बघायला आलेले.

लक्ष्मीनं पदर नसताना पदर डोक्यावर घेतल्यासारखं केलं. मला हसू फुटलं ते थांबेना. फौजदारीणबाई मात्र पांढरीफटक. "झालं," म्हणाली. "आप्पाचं झालं तेच माझं."

साहेबांनी बाकावरूनच चौकशी मांडली. या बायकांनी हात लावला का? नाही, काईचो-सान म्हणाले. पाठलाग? नाही, नुसत्या उभ्या होत्या. ओरडल्या? फार नम्रपणे शुभसंध्या म्हणाल्या. साहेबांनी सगळं वहीत टिपलं. मग म्हणाले, "नियम एकही मोडलेला नाही. मी प्रत्येक वसाहतीत असाच येऊन उभा राहतो. आजवर माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं." आणि उठून तिच्यापुढे वाकले. तीही वाकली, आणि बराच वेळ वर येईना. मला कळलं, रडतेय.

आमची तिघींची जाकिटं आली ती नेमकी तिच्या नवऱ्याची सेंदाईला बदली ठरली त्याच आठवड्यात. तिचं गुडघ्यापर्यंत लोंबणारं, पाठीवर वॉर्ड ऑफिसचं नाव, दंडाला तिच्या नावाची पट्टी. वसाहत सोडताना ते परत करावं लागतं, हे काईचो-साननी खाली बघत सांगितलं. मी संतापले. म्हटलं, चार दिवसांसाठी कशाला द्यायचं ते? तिनं ते अंगात चढवलं. त्या चारही संध्याकाळी ती अशी मिरवली की कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातली मुलगीसुद्धा दारात येऊन टाळ्या वाजवायची.

शेवटच्या दिवशी, परत करायला निघण्याआधी, तिनं माझ्या स्वयंपाकघरातून आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते माळावर होते, मागे मेंढरं. "सरकारी हाय?" त्यांनी विचारलं.

"सरकारी."

"पाठ दाव."

तिनं पाठ केली. मी फोन धरून उभी.

"आप्पा, आज परत द्यायचंय."

आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. आम्हाला नुसतं त्यांचं कपाळ आणि पागोट्याची कड दिसत होती.

"दे की," ते म्हणाले. "पर जरा थांब. तुज्या आयला बलवतो."