भिंतीतला खळगा

भाचीला वसतिगृहात सोडायला गेले, तर तिच्या वाट्याला नेमकी माझीच जुनी खोली आली. खाटेच्या उशाशी, भिंतीत तो खळगा अजून आहे. आता त्यात बोटांची पेरं सहज बसतात. भिंतीला किती वेळा रंग दिला असेल, पण तिथं तो टिकलेला नाही.

"मावशी, सकाळी उठलं की इथं टकटक करायची," खोलीतली जुनी मुलगी मलाच समजावत होती. "पलीकडून उत्तर आलं की मगच चहाला जायचं."

"का गं?"

"काय माहीत! इथली पद्धतच आहे."

पलीकडच्या खोलीत आमच्या वेळी कुसुम एकटी राहायची. तिला फिट यायच्या. "सकाळी जरा कानोसा घेत जा गं," असं तिची आई आम्हाला सांगून गेली होती. म्हणून ही टकटक. एका सकाळी उत्तर आलं नाही. मग ती खोली रिकामी राहिली, तरी वर्ष संपेपर्यंत आमचा हात भिंतीकडे जातच राहिला. नव्या मुलींनी ते बघून उचललं. कारण कुणी विचारलं नाही, आणि आमच्यानं सांगवलं नाही.

खाली दारात या इमारतीचा इतिहास संगमरवरावर कोरलाय. त्यात सगळे देणगीदार आहेत. कुसुम नाही.

भाचीनं गंमत म्हणून टकटक केली. पलीकडून लगेच उत्तर आलं. दोघी हसत चहाला गेल्या.

मी खाटेवर बसून राहिले. त्या सकाळी आम्ही याच आवाजासाठी थांबलो होतो.