भिंतीपासून तीन बोटं

“असं वाकायचं. बघा सगळ्यांनी. गुडघा मोडलाय का कुठं?”

व्यायामाचा मास्तर असं म्हणाला अन् त्यानं माह्या बाच्या पाठीवर छडी ठेवली. हात नाही. छडी. कमरेपासून मानेपर्यंत ती फिरवली, शाळेत गुरुजी नकाशावर नदी दाखवते तशी. बा वाकलेला. बोटं मातीले टेकलेली. धोतर मी आदल्या दिवशी घासून घासून धुतलं होतं, पांढरंफेक. भोवती पंधरा म्हातारे गोल करून उभे. सारे बाच्याच वयाचे. बाची टोपी खाली पडली होती, ती कोणी उचलली नाही.

“सत्तरीचा माणूस आहे हा. आणि लवचिकपणा पाहा!”

म्हातारे पाहत होते. मीबी पाहत होती. माह्या हातात पाण्याची बालटी होती.

पह्यलेपासून सांगते, नाही तर समजाचं नाही.

यवतमाळले एका व्यायामशाळेच्या मैदानावर रोज सकाळी म्हाताऱ्याइचा वर्ग भरे. पेन्शनवाले साहेब, जुने हेडमास्तर, कापसाचे व्यापारी. मी तिथं झाडाले होती. उजाडलं का मैदान झाडाव, सडा माराव, धूळ बसली का बाजूले निंबाखाली जाऊन बसाव. वर्ग सुटला का पुन्हा झाडाव. माठाले अन् जाजमाले माहा हात चालत नव्हता. जमिनीले चाले.

व्यायाम कायचा, सारा हलका हलका. हात वर, हात खाली. मान डावीकडे, मान उजवीकडे. श्वास घ्या, श्वास सोडा. पह्यले पह्यले मले हासू ये. म्हटलं, आमच्या बुढ्या दिवसभर उन्हात कापूस येचतेत, त्याइले कोणी म्हणते काय, बाई आता श्वास सोड! मोठ्या लोकाइचं सारंच मोठं.

पण मंग मी त्या तहसीलदाराले पाह्यलं. रिटायर झालेला माणूस. वर्गात आला तवा काठी घेऊन आला, पार वाकून गेलता. भिंतीले पाठ लावून उभं राहाचा एक व्यायाम होता. टाचा भिंतीले, कुल्ले भिंतीले, डोकं भिंतीले. त्याचं डोकं काही टेके ना. मास्तर त्याले रोज उभा करे, हळू हळू, दोन्ही खांदे हातात धरून, जसं काही काचेचं भांडं. तीन महिन्यात त्याचं डोकं टेकलं. काठी घरी ठेवून येऊ लागला. छाती पुढं काढून चाले. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

तवा मले बा आठवला. म्हटलं, ह्याचं हाड अन् माह्या बाचं हाड येगळं हाये काय?

माहा बा आर्णीकडच्या एका गावात गावकी करे, साऱ्या गावाची सांगकामं. चाळीस वर्सं. पाटलाचं दार आलं का वाक. साहेबाचा घोडा आला का वाक. हात मातीले लाव, कपाळाले लाव, तीन येळा म्हण, जोहार मायबाप. छप्पन साली तो नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या दारापुढं उभा राह्यला अन् म्हणाला, “आजपासून जोहार नाही जी.” बस, एवढंच. आठ दिवसात आमच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. मंग कडब्याची गंजी पेटली. मंग गावात कोणी बाले काम देईना, पिठाची गिरणीबी आमचं दळण घेईना. म्हातारपणी घर सोडून तो माह्याकडे यवतमाळले आला. एवढं सारं देऊन त्यानं ते वाकणं सोडलं होतं.

पण पाठ काही सरळ झाली नाही. चाले तर जमिनीकडेच पाहून चाले. बा म्हणे, “माय, मन तर उभं राह्यलं. हाडाइले कोण सांगन?”

मले वाटलं, मास्तर सांगन. आग लागो माह्या अकलीले.

मी मास्तरले इचारलं. तिशीतला माणूस, बोलाले लय गोड. म्हटलं, “माह्या बाले मांगं उभं राहू द्या जी. जाजमावर नाही, मातीवर राहीन तो.” त्यानं माह्याकडे पाह्यलं, मंग मैदानाकडे पाह्यलं. हासला. “आण की. उद्याच आण.” ते हासू मले काही पटलं नाही. पण मीच मले दटावलं. म्हटलं, माणूस गोड बोलते तर तुले त्याचंबी दुखते काय व?

बा खूश. सकाळीच आंघोळ करून टोपी घालून तयार. मांगं निंबाजवळ उभा राह्यला. त्याचे हात खांद्याच्या वर जाईनात, तरी बिचारा मोजून मोजून करे. माहं सारं ध्यान त्याच्याकडे. हातातली सड्याची बालटी खाली ठेवाचंबी भान नव्हतं. मंग मास्तर म्हणाला, “आता पुढे वाकण्याचा प्रकार,” अन् त्यानं बाले मधात बोलावलं.

“तू गावात जोहार घालायचास ना रे?”

सत्तर वर्साच्या माणसाले, तू.

“घालत होतो जी. सोडलं आता. दीक्षा घेतली.”

“अरे, व्यायाम म्हणून. इथं कोण पाटील आहे?”

बा उभाच. गोलातले दोघं एकमेकाइकडे पाहून हासले. हे काही तरी ठरवून चाललं हाये, असं मले तवा पह्यल्यांदा वाटलं. बानं माह्याकडे पाह्यलं.

मी मान हलवली.

हे मी लपवत नाही. मास्तरनं छडी उगारली नव्हती. कोणी धमकी देल्ली नव्हती. नवऱ्याचं कापसाच्या जिनातलं काम सुटलं होतं, घरात माही एकटीची नोकरी होती, अन् मले वाटलं, एक डाव वाकला तर काय बिघडते, उद्यापासून पाठ तर सरळ होईन. मी मान हलवली अन् बा वाकला.

एकदा. “परत.” दोनदा. “हळू, हळू, सगळ्यांना दिसू दे.” मंग तो तहसीलदार, सरळ झालेला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, “तोंडानं म्हटल्याशिवाय याला जमायचं नाही. म्हण रे.”

“जोहार मायबाप,” बा म्हणाला.

कोणी तरी टाळी वाजवली. कोणी हासता हासता खोकलला. सहाव्या खेपेले बा वाकला तो वाकलेलाच राह्यला. पाठ धरली. तोंड मातीकडे, बोटं मातीत, अन् श्वास भात्यासारखा चाललेला. पंधरा माणसं होती. हातभर अंतरावर होती. एक हात पुढं नाही आला. जोहार पाहाले चालते. घालणाऱ्याले उचलाले चालत नाही. मास्तरनं छडीनंच मले खूण केली, “उचल ग याला.” अन् बाकीच्याइकडे वळून म्हणाला, “श्वास सोडा.”

त्याले धरून घरी आणलं. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राह्यला. भाकर ठेवली का तशीच राहे. चौथ्या दिवशी म्हणाला, “तुनं मान हलवली.”

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी रडून मोकळी झाली असती.

अन् त्या तीन दिवसात मी काय करत होती? कामावर जात होती. लाज नव्हती काय? होती. लाज घेऊनच झाडत होती. पाचव्या दिवशी मास्तर जवळ आला, तसाच गोड. “म्हाताऱ्याला का नाही आणलंस? मंडळी विचारतायत. रोज आणत जा. समोर नमुना असला की शिकवायला सोपं जातं.”

नमुना! माह्या बापाले नमुना म्हणाला.

मी झाडू खाली ठेवला. फेकला नाही, नीट ठेवला. पंधराच्या पंधरा आयकतीन एवढ्या आवाजात म्हटलं, “आमच्या वाट्याचं वाकून झालं जी. आता तुमी वाका.”

मास्तरचं हासू तोंडाले तसंच चिकटून राह्यलं. तहसीलदार भिंतीले टाचा लावून उभा होता. जसं पावसापाण्याचं बोलाव तसं हळूच म्हणाला, “तुमची वस्ती कोणाच्या जागेवर आहे, माहीत आहे ना?”

मी चालू लागली. मांगून सडा मारल्या मातीचा वास येत होता. भेव वाटलं. खोटं कायले बोलू?

आमच्या वस्तीत विहार बांधाचा होता. साऱ्याइनं मिळून एक भिंत उभी केली होती. बाकीच्या तीन अजून व्हायच्या होत्या. त्या भिंतीपाशी मी वर्ग सुरू केला. निंबाखाली बसून सारं पाह्यलंच होतं, कोणाची फी भरली नव्हती. हात वर, हात खाली. मान डावीकडे, मान उजवीकडे. पुढं वाकाचा तेवढा मी टाकून देल्ला. पह्यल्या दिवशी तिघीजणी आल्या. त्याच्यात यसोदाबुढी, तिचे गुडघे निंदून निंदून गेलेले. म्हणे, “जिंदगीभर वावर निंदलं, आता हवा निंदाले लावतं काय व?” आमी पोट धरून हासलो. महिन्याभरात वीस जण झाले.

बा येत नव्हता. दारात बसून पाहे. मंग एका सकाळी उठला, कोणाशी न बोलता भिंतीपाशी आला. टाचा लावल्या. डोकं टेके ना. मी मधात हात घालून पाह्यला.

“किती?” बा म्हणाला.

“वीतभर.”

“लय हाये.”

त्या दिवसापासून रोज येते. रोज इचारते, किती राह्यलं? मी रोज मधात हात घालते. पावसाळा गेला, कापूस निंघाला, आता तीन बोटं राह्यली. त्यानं मले माफ केलं असं मी म्हणत नाही. तो वर्गाले येते, एवढंच मले मालूम.

दिवाळीनंतर एक सायकलवाला येऊ लागला. नाल्याच्या त्या काठाले सायकल लावून उभा राहे. आमचे हात वर गेले का पाहे, खाली आले का पाहे. काही दिवसानं कचेरीतले दुसरे दोघं आले, मोजाची साखळी घेऊन. वस्ती मोजली. एकानं इचारलं, “हे सकाळी काय चालतं? कवायत?” म्हटलं, “म्हाताऱ्याइचा व्यायाम हाये.” तो यसोदाबुढीच्या हातातल्या काठीकडे पाहत राह्यला.

काल ते पुन्हा आले. बरोबर लाठीवाले चार शिपाई. भिंतीवर गेरूनं मोठी फुली मारली. जिथं आमी पाठी लावतो, तिथंच. म्हणाले, “सोमवारी येऊ. तोवर तुम्ही पाडली तर ठीक, नाही तर आम्ही पाडू. मग झोपड्यांचं काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही.” त्यातल्या एकानं माह्याकडे बोट दाखवलं, “हीच का ती?” माहं नाव कोणी घेतलं नव्हतं.

आज शनिवार. सकाळी वर्ग भरला. बा त्या फुलीलेच पाठ लावून उभा राह्यला. बंडीले लाल गेरू लागला. झटकू लागली तर म्हणे, “राहू दे.”

यसोदाबुढीनं इचारलं, “सोमवारी सुट्टी ठेवतं काय व?”

सोमवारी सुट्टी नाही. रोजच्या येळेले वर्ग भरन. वीसच्या वीस येतीन का नाही, मले मालूम नाही. बा येईन. ते लोक येतीन, पह्यले गोड बोलतीन. म्हणतीन, बुढ्याले बाजूले घे, हात जोड, एक डाव नमतं घे, भिंतीचं पाहू मंग. अन् बा माह्याकडे पाहीन. येळ आली का तो माह्याकडेच पाहते.

या येळी माही मान हलणार नाही.