एकाच दिवशी छाटलेली बाग

माझा आतेभाऊ परळच्या रुग्णालयात कॅन्सरवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आला, तेव्हा नाशिककडच्या त्याच्या दीड एकर द्राक्षबागेची छाटणी नुकतीच झाली होती. वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची छाटणी काडीसाठी, म्हणजे पुढे फळ धरणाऱ्या फांदीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. ऑक्टोबरची छाटणी तो दोन टप्प्यांत करी. अर्धी बाग आधी, अर्धी पंधरवड्याने. पावसाने एक तुकडा फुलोऱ्यात गाठला तरी दुसरा हाती राहतो. यंदा रुग्णालयाची तारीख आली म्हणून त्याने सगळी बाग एकाच दिवशी छाटली आणि भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत राहायला आला.

शेक रविवार सोडून रोज असे. परतल्यावर तो चाळीच्या गॅलरीत बसून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, व्हिडिओ कॉल लावी. बाग फुलोऱ्यात आली आणि तिकडे अवेळी पाऊस लागला. परळला ऊन होतं.

"पान उलटं कर," तो म्हणाला.

वरून तेल सांडल्यासारखा पिवळा डाग होता, खालून पांढरी बुरशी.

"डावणीच आहे. ट्रॅक्टर घालून फवार."

"बांधापाशीच रुततोय. तिथं बसून चालवा तुम्ही."

"मग पाठीवरचा पंप घे."

"सकाळपासून पाठीवरच आहे. फवारलं की पाऊस, फवारलं की पाऊस. औषध सगळं मातीत."

"तुझी आंघोळ तरी वाचली."

"हसा. दवाखान्यात तेच शिकवतात वाटतं."

पुढच्या आठवड्यात रोग घडांवर उतरला. वहिनीने एक घड फोनसमोर धरून बोट लावलं. तपकिरी पडलेली फुलं गळाली.

"विहिरीकडचा कोपरा दाखव."

तिथेही तेच होतं. छाटणीपासून सगळी बाग एकाच वयाची होती.

"दोन टप्प्यांत छाटली असती तर..." वहिनी म्हणाली आणि थांबली.

"रोगट घड तोड. बागेत टाकू नको, बाहेर नेऊन पुर," तो म्हणाला.

संध्याकाळी शेजारच्या मालवणी काकू द्राक्षांचा डबा घेऊन आल्या. आजाऱ्याला फळं म्हणून दादरहून आणली होती.

"खा रे बाबा, ताकद येतली."

त्याने घड उचलून देठ पाहिला. हिरवा होता.

"चांगली आहेत, काकू."

काकू समोर बसून राहिल्या, म्हणून त्याने सगळी खाल्ली. त्या गेल्यावर पुन्हा फोन लावला.

"एप्रिलची छाटणी करायची नाही."

"मग पुढच्या साली फळ कसं धरायचं?"

"धरायचं नाही. वेली काढायच्या."

"आधी बरं होऊन या. मग बघू."

"तू काढायला सांग. मी येईन असं धरून थांबू नको."

पलीकडे पाऊस ऐकू येत होता.

"आणि पंप धुऊन ठेव," तो म्हणाला. "कुणी विकत घेतला तर आत औषध नको."

"बरं," वहिनी म्हणाली.